उचलू द्या तिला

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन घरी परतलेल्या बाईला आपल्याकडे एक सूचना हमखास मिळते : ‘त्या हाताने काही उचलायचं नाही.’ कधी ती डॉक्टरांच्या खोलीत मिळते, कधी शेजारच्या खाटेवरची बाई सांगते, कधी गावाकडून फोन करून मावशी सांगते. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून ती मोडवत नाही. घरातले लोक तिच्या हातातून कळशी काढून घेतात, कुकर उतरवू देत नाहीत, नातवाला कडेवर घेऊ देत नाहीत. काही महिने म्हणता म्हणता वर्षं जातात. मग एखाद्या लग्नाला निघताना तिच्या ध्यानात येतं, की अंबाडा बांधायला हात मागे पोचत नाही. ब्लाउजचे हूक लावायला मुलीला हाक मारावी लागते. फळीवरचा डबा स्टुलावर चढूनही काढता येत नाही. गाठ गेली, केमो झाली, किरणांचा शेक झाला, रिपोर्ट चांगले आले, आणि हात मात्र परका झाला.

या लेखात मला उपचारांनंतरच्या जगण्याबद्दल बोलायचं आहे. २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आता हाच. पाश्चात्त्य देशांशी तुलना केली तर आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी गाठतो. मुलांची दहावी-बारावी, सासूची गुडघेदुखी, स्वतःची नोकरी किंवा शेत, हे सगळं ऐन भरात असतानाच्या वयात. यांतल्या अनेक जणी उपचारांनंतर दहा, वीस, तीस वर्षं जगतात. त्या वर्षांत त्यांचं शरीर त्यांना किती साथ देईल, याचा विचार आपल्या उपचारांच्या कागदावर जवळजवळ नसतोच. घरची माणसं तो आपापल्या परीने करतात आणि बहुतेक वेळा दोनच उत्तरांवर येतात : तिला बसवून ठेवा, आणि हे हे खायला देऊ नका. या दोन्ही उत्तरांनी बायकांचं फार नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हाताचं पाहू. ‘उचलू नका’ या भीतीला कारण आहे, आणि ते खोटं नाही. आपल्या हातातून लिम्फ नावाचा द्रव सतत हृदयाकडे परत वाहत असतो. त्याची वाट काखेतल्या ग्रंथींमधून जाते. रुग्ण त्यांना ‘काखेतल्या गाठी’ म्हणतात. कर्करोग तिथवर पोचला आहे का हे पाहण्यासाठी, किंवा पोचला असेल तर काढून टाकण्यासाठी, या ग्रंथी काढल्या जातात. त्यावर शेक दिला तर उरलेली वाटही अरुंद होते. मग द्रव साचतो आणि हात सुजतो. याला लिम्फिडीमा म्हणतात. २०१३ साली अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली, तेव्हा काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढलेल्या बायकांपैकी सुमारे २० टक्के जणींना तो झालेला आढळला. फक्त पहिल्या एक-दोन पहारेकरी ग्रंथी काढून तपासलेल्या, ज्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात त्या गटात, हे प्रमाण सुमारे ६ टक्के होतं. एकदा जडलेली सूज बहुधा पूर्ण जात नाही, आयुष्यभर सांभाळावी लागते. तेव्हा डॉक्टर आणि रुग्ण दोघंही तिला घाबरतात, यात नवल नाही.

ही भीती जुनी आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे ऑपरेशन रूढ केलं, त्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढल्या जात. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभर तीच रीत होती. त्या बायकांचे हात सुजून खांबासारखे होत. बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत आणि उंबेर्तो वेरोनेसी यांनी मिलानमध्ये मोठ्या चाचण्या करून, स्तन वाचवूनही तितकंच आयुष्य मिळतं हे सिद्ध केलं. ऑपरेशन लहान झालं. पण हॉलस्टेडच्या काळातल्या हातासाठी असलेली काळजी तशीच पुढे चालत राहिली. तिच्यामागचा तर्क ऐकायला बिनतोड वाटे : हाताला श्रम झाले की रक्तपुरवठा वाढणार, रक्त वाढलं की द्रव वाढणार, द्रव वाढला की सूज येणार. म्हणून दोन-चार किलोंच्या वर काही उचलू नका. हा तर्क कुणी नीट तपासून पाहिलेला नव्हता.

तो तपासण्याचं धाडस पहिल्यांदा ठळकपणे झालं ते कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात, १९९६ मध्ये. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले क्रीडावैद्यक डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २४ बायकांना एका ड्रॅगन बोटीत बसवलं. ड्रॅगन बोट म्हणजे चिनी परंपरेतली लांबलचक नाव. दोन रांगांत बसून सगळ्यांनी एका तालावर वल्ही मारायची. खांदे, दंड आणि पाठ यांना सतत ओढ लागणारा, जोराचा, पुन्हा पुन्हा तीच हालचाल करायला लावणारा हा व्यायाम. ज्या ज्या गोष्टी टाळायला सांगितलं जाई, त्या सगळ्या एकाच खेळात. मॅकेन्झींनी आधी त्यांच्याकडून हळूहळू ताकदीचे व्यायाम करून घेतले, मग बोट पाण्यात घातली. मोसम संपला तेव्हा एकाही बाईला नव्याने लिम्फिडीमा झालेला नव्हता. १९९८ मध्ये त्यांनी हे कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आज अशा बायकांचे शेकडो चमू जगभर वल्ही मारतात आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यती होतात. त्या फोटोंतल्या साठीच्या बायकांचे दंड पाहण्यासारखे असतात.

पण २४ जणी म्हणजे पुरावा नव्हे, सुरुवात. पुरावा आला तो पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या कॅथरिन श्मिट्झ यांच्याकडून. त्यांनी आधीच सूज असलेल्या १४१ बायका घेतल्या, म्हणजे ज्यांच्याबाबत भीती सर्वांत जास्त होती त्याच. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची. पहिले १३ आठवडे प्रशिक्षकाच्या नजरेखाली, पुढे स्वतःहून, वर्षभर. सुरुवात अगदी हलक्या वजनाने. हाताने तक्रार केली नाही तर थोडं वाढवायचं. आणि किती वाढवायचं याला वरची मर्यादा नव्हती. व्यायाम करताना हातावर दाब देणारी स्लीव्ह चढवायची. दुसऱ्या गटाने नेहमीसारखं राहायचं. निकाल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. सुजेचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. पण सूज एकदम उसळून उपचार घ्यावे लागण्याचे प्रसंग नेहमीसारखं राहणाऱ्या गटात २९ टक्के जणींवर आले, वजनं उचलणाऱ्या गटात १४ टक्के जणींवर. निम्मे. पुढच्या वर्षी त्यांनी अजून सूज न आलेल्या १५४ बायकांवरचा निकाल दिला. ज्यांच्या पाच किंवा जास्त ग्रंथी काढल्या होत्या, त्यांच्यात वर्षभरात सूज आली ती व्यायाम न करणाऱ्या २२ टक्के जणींना आणि करणाऱ्या ७ टक्के जणींना.

जिचा हात शंभर टक्के जपला जात होता, तिलाच त्रास जास्त झाला. असं का, हे समजायला सोपं आहे. लिम्फला ढकलायला हृदयासारखा वेगळा पंप नाही. नळ्यांची स्वतःची हलकी आकुंचनं असतात आणि आजूबाजूचे स्नायू आवळले की त्या पिळल्या जातात. स्नायूच वापरले नाहीत तर पिळणारं कुणी राहत नाही. दुसरं कारण आणखी व्यवहारातलं आहे. कुठलीच बाई कायम काही न उचलता राहू शकत नाही. एक दिवस घरात कुणी नसतं, गॅसचं सिलिंडर सरकवावं लागतं, रडणारं पोर उचलावं लागतं. दुबळ्या हाताला ते वजन त्याच्या कुवतीच्या शेवटच्या टोकाचं असतं. तयार हाताला तेच वजन किरकोळ. इजा होते ती या तफावतीने.

मला हे सगळं सर्वांत जास्त कुणाला सांगावंसं वाटतं, तर कापूस वेचणाऱ्या, कांदा काढणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांना. ‘उचलू नका’ ही सूचना त्यांना पाळताच येत नाही. केमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत त्या कामावर जातात, कारण घरात दुसरी मिळकत नसते. मग हात सुजला की त्या स्वतःलाच बोल लावतात : डॉक्टरांचं ऐकलं नाही म्हणून झालं. त्यांना ‘काम सोड’ म्हणण्यात अर्थ नाही. त्यांना सांगायला हवं ते हे, की कामावर जाण्याआधी हात तयार कर. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरुवात कर. एकदम अख्खा हंडा उचलू नको. आधी पाव बादली, पुढच्या आठवड्यात अर्धी. एका दमात चार तास वेचणी करू नको, मध्ये थांब, हात डोक्याच्या वर नेऊन मुठी उघड-मीट कर. श्मिट्झ यांच्या चाचणीतलं तत्त्व हेच होतं. त्याला जिम लागत नाही. क्रम लागतो, आणि क्रम समजावून सांगणारं माणूस लागतं.

पहिले काही आठवडे अर्थातच सर्जन सांगतील ते. जखमेतली नळी निघेपर्यंत, जखम भरेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये असं बहुतेक ठिकाणी सांगतात. तेव्हाही कोपर, मनगट, बोटं हलवायची असतात आणि त्या हाताने जेवायचं, दात घासायचे, केस विंचरायचे असतात. मग भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची आणि रोज पोचलं तिथे पेन्सिलीने खूण करायची. दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर न्यायची. काखेतून कोपराकडे कधी कधी ताणलेल्या दोरीसारखी शीर लागते, हात वर नेताना ती खेचते आणि बाई घाबरून हात खाली ठेवते. ही दोरी पुष्कळ जणींना होते. फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली ताण देत राहिलं की ती बहुधा सैल पडते. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, तोही तिथली एक नस ऑपरेशनमध्ये दुखावल्यामुळे. हे आधी सांगितलं गेलं तर निम्मी धास्ती जाते.

सूज येते आहे हे ओळखायला आपल्याकडच्या बायकांजवळ एक मोजमाप आयतंच असतं : बांगडी. रोजची बांगडी अडकू लागली, अंगठी निघेना, ब्लाउजची एकच बाही दंडात रुतू लागली, किंवा हात नुसता जड वाटू लागला, तर वाट पाहू नये. या टप्प्यावर स्लीव्ह, मालीश आणि व्यायाम यांचा उपयोग सर्वांत जास्त होतो. हात लाल होऊन तापला आणि अंगात ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तो जंतुसंसर्ग असतो, त्याला प्रतिजैविकं लागतात, आणि तो उतरेपर्यंत व्यायाम बंद. विळीचा काप, तेलाचा चटका, काट्याचं टोचणं यांकडे दुर्लक्ष करू नये. पण त्या हाताला एकदा चुकून रक्तदाबाचा पट्टा बांधला गेला म्हणून रात्रभर जागायचं कारण नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ६३२ रुग्णांच्या हातांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली गेली. रक्त काढणं, इंजेक्शन, रक्तदाब मोजणं किंवा विमानप्रवास यांचा सूज वाढण्याशी संबंध आढळला नाही. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसरा हात मोकळा असेल तर तो पुढे करावा, इतकंच. ग्रंथी काढणं आणि शेक यांखेरीज वजन जास्त असणं आणि जंतुसंसर्ग होणं ही सुजेची खरी कारणं.

*

हाताबद्दल इतकं लिहिलं, कारण भीती तिथे मुरलेली आहे. बाकी शरीराचं गणित त्या मानाने सरळ आहे. चाला.

अमेरिकेतल्या परिचारिकांचा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या स्तनाचा कर्करोग झालेल्या २९८७ जणींच्या नोंदी मिशेल होम्स यांनी २००५ मध्ये मांडल्या. आठवड्याला साधारण तीन ते पाच तास मध्यम गतीने चालण्याइतकी हालचाल करणाऱ्या बायकांमध्ये या रोगाने मरण येण्याचं प्रमाण जवळजवळ न हलणाऱ्यांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होतं. इथे सावध राहायला हवं. ज्या आधीच धडधाकट असतात त्याच जास्त चालतात, असंही असू शकतं, आणि नुसत्या निरीक्षणातून ते वेगळं काढणं कठीण. आतड्याच्या कर्करोगात मात्र आता थेट चाचणीचा निकाल हाती आहे. केमो संपलेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं प्रशिक्षकासह व्यायामाचा कार्यक्रम दिला गेला. पाच वर्षांनी रोग न उलटता जगणारे त्या गटात ८०.३ टक्के होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ७३.९ टक्के. हे २०२५ च्या जूनमध्ये जाहीर झालं. स्तनाच्या कर्करोगाला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण व्यायाम म्हणजे मन रमवण्याचा उद्योग, असं यापुढे कुणा डॉक्टरला म्हणता येणार नाही.

आयुष्य किती वाढतं हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. रोजचा दिवस सुसह्य होतो की नाही, याचं उत्तर पक्कं आहे. केमोनंतरचा थकवा हा झोपून जाणारा थकवा नसतो. दहा तास झोपून उठलेल्या बाईला आंघोळ करून आल्यावर पुन्हा पडावंसं वाटतं. घरचे म्हणतात, पड. ती पडते, स्नायू आणखी झडतात, दुसऱ्या दिवशी तीच आंघोळ आणखी जड जाते. २०१७ मध्ये ११३ चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्रित ताळा मांडला गेला. कर्करोगाच्या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार ही दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरली. २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने दिलेला सल्ला मोजका आहे : आठवड्यातून तीनदा अर्धा तास धाप लागेल पण बोलता येईल असा व्यायाम, आणि दोनदा ताकदीचा. थकवा, चिंता, उदासी आणि हालचालींची क्षमता या सगळ्यांत यानेच फरक पडतो. सुरुवातीला अर्धा तास जमत नाही. दहा मिनिटं चालावं, दाराशी खुर्ची ठेवावी.

रोगाच्या पेशी हॉर्मोनवर पोसणाऱ्या असतील तर गोळी सुरू होते, आणि ती पाच ते दहा वर्षं चालते. पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल दिलं की पुष्कळ जणींचे सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, जमिनीवर पाऊल टेकवताना कळ येते. या दुखण्याला कंटाळून काही जणी कुणाला न सांगता गोळी सोडतात, आणि तिथे खरा धोका सुरू होतो. येल विद्यापीठात अशा १२१ जणींवर चाचणी झाली. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम आणि १५० मिनिटं चालणं. वर्षअखेर सर्वांत तीव्र वेदनेचा आकडा २९ टक्क्यांनी उतरला. दुसऱ्या गटात तो किंचित वाढलाच. ही गोळी हाडंही विरळ करते, म्हणून हाडांची घनता मोजून घ्यायची आणि कॅल्शियम, ड जीवनसत्त्व डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध घेतलेल्यांच्या तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. त्यांनी मागे पट्टा असलेली पादत्राणं घालून, सपाट जागी, कुणाच्या तरी सोबतीने चालावं. लाल रंगाचं औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, किंवा ट्रॅस्टुझुमॅब घेतलेल्यांनी जोराच्या व्यायामाआधी हृदयाची तपासणी करून घेतलेली असावी.

आणि योग? मुंबईच्या परळमधल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने यावर जे काम केलं त्याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावा. तिथे ८५० रुग्णांवर यादृच्छिक पद्धतीने चाचणी झाली. उपचारांच्या अवस्थेनुसार बेतलेली सौम्य आसनं, प्राणायाम आणि विश्रांती असा तो कार्यक्रम होता. डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनियोच्या परिषदेत डॉ. नीता नायर यांनी निष्कर्ष मांडले : योग करणाऱ्या गटात रोगमुक्त जगण्यात सापेक्षतः १५ टक्के आणि एकूण जगण्यात १४ टक्के सुधारणा. हे आकडे आशादायक आहेत. त्यांना अंतिम शब्द मानू नये. शंभर टक्के बरं करणारा योग विकणाऱ्यांनी तर त्यांचा आधार अजिबात घेऊ नये. त्या सगळ्या बायकांनी ऑपरेशन, केमो, शेक हे उपचार घेतलेच होते.

*

आता ताट.

आजारी माणसाला भेटायला जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही. शहाळी येतात, मेथीचे-डिंकाचे लाडू येतात, आणि त्यांच्याबरोबर याद्या येतात. साखर बंद करा, गाठीला साखर लागते. दूध बंद करा. वांगं वातूळ, भात थंड, अंडं उष्ण. गव्हांकुरांचा रस घ्या, पपईच्या पानांचा घ्या. चौथ्या पाहुण्यापर्यंत ताटात मऊ भात आणि मुगाचं पाणी उरतं. पाहुणे गेल्यावर ती बाई आंब्याची फोड खाऊन स्वतःला अपराधी समजते. रोग उलटला तर आपण खाल्ल्यामुळेच उलटला, असं तिला आयुष्यभर वाटत राहील अशी सोय आपण प्रेमापोटी करून ठेवतो. हे मला फार क्रूर वाटतं.

विज्ञान काय सांगतं, ते या क्रूरतेवरचा उतारा आहे. अमेरिकेत ३०८८ बायकांवर एक मोठी चाचणी झाली. निकाल २००७ मध्ये आला. एका गटाला रोज भरपूर भाज्या, भाज्यांचा रस, फळं, चोथा आणि अगदी कमी चरबी असा कडक आहार दिला गेला. सव्वासात वर्षांनी पाहिलं तर रोग उलटण्याचं प्रमाण त्या गटात १६.७ टक्के होतं आणि नेहमीचा सकस आहार घेणाऱ्या गटात १६.९. फरक नाही. भाज्या खाऊ नयेत असा याचा अर्थ होत नाही. मधुमेह, रक्तदाब, हृदय यांसाठी त्या हव्यातच. पण एखादा पदार्थ टाळल्याने किंवा खाल्ल्याने हा रोग कायमचा दूर राहील, असं ताट अस्तित्वात नाही. साखर एकट्या गाठीला पोसत नाही. शरीराची प्रत्येक पेशी ग्लुकोजवर जगते, आणि आपण साखर सोडली तरी यकृत ते तयार करतं. जास्त गोड वाईट आहे ते वजन वाढवतं म्हणून.

वजन हा इथला खरा विषय. कर्करोग म्हटलं की हाडांचा सापळा डोळ्यांपुढे येतो, पण स्तनाच्या कर्करोगात उपचारांदरम्यान पुष्कळ जणींचं वजन वाढतं. केमोबरोबरची स्टिरॉइड, अकाली बंद झालेली पाळी, घरी बसणं, आणि ‘अशक्तपणा भरून यावा’ म्हणून चारलेले तुपातले लाडू. वजनकाट्यावर चार किलो वाढलेले दिसतात, त्यात स्नायू घटलेले आणि चरबी वाढलेली असते. चरबीच्या पेशी पाळी गेल्यानंतरही इस्ट्रोजेन तयार करतात, म्हणून हॉर्मोनवर पोसणाऱ्या रोगात ही बाब गंभीर आहे. तेव्हा भरून काढायचे आहेत ते स्नायू. त्याला प्रथिनं लागतात, आणि मराठी शाकाहारी ताट नेमकं तिथे कमी पडतं. पोळी, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण यांत पोट भरतं, पण प्रथिनांची बेरीज जमत नाही. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेनुसार कर्करोगाच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिनं हवीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारून. साठ किलोंच्या बाईला म्हणजे साठ ग्रॅमच्या वर. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. मटकीची किंवा हुलग्याची उसळ, पिठलं, दही, मासे, कोंबडी, अंडी यांनी ही बेरीज सहज होते. महागड्या पावडरीचे डबे लागतात ते गिळता येत नसेल, भूक मेली असेल तेव्हा, आणि तेही आहारतज्ज्ञाने सांगितलं तर. भाकरी नाचणीची केली तर हाडांसाठी कॅल्शियमही मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत ते ३४० मिलिग्रॅमच्या पुढे असतं.

सोयाबीनबद्दलची भीती तर विदर्भ-मराठवाड्याला विशेष नडते. शेतात सोयाबीन, आणि घरातल्या रुग्णाला ते वर्ज्य, कारण त्यात ‘हॉर्मोन असतं’. सोयात इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेले घटक असतात हे खरं, पण ते शरीरात हुबेहूब इस्ट्रोजेनसारखं वागत नाहीत. शांघायमध्ये ५०४२ रुग्णांचा माग ठेवला गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उलट कमी दिसलं. सोयाबीनचं पीठ भाकरीत मिसळावं, वड्यांची भाजी करावी. गोळ्या-कॅप्सूलमधला सोयाचा अर्क मात्र वेगळा. तो घेऊ नये.

हळदीचंही असंच. फोडणीतली, दुधातली चिमूटभर हळद खुशाल चालू द्या. पण ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल, त्यातही मिऱ्याचा अर्क घातलेल्या, टॅमॉक्सिफेन ही हॉर्मोनवर पोसणाऱ्या रोगावरची गोळी घेणाऱ्या बाईने घेऊ नयेत. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की अशा कॅप्सूलमुळे टॅमॉक्सिफेनचा रक्तातला क्रियाशील अंश घटतो. जी गोळी रोगाला अडवते, तिलाच आपण पैसे देऊन कमकुवत करतो. डॉक्टरांना न सांगता घेतल्या जाणाऱ्या काढ्या-चूर्णांबद्दल मी म्हणूनच कडक आहे. राहिला उपवास. साबुदाणा हा निव्वळ पिष्ट. केमो चालू असताना उपवास करू नये. नंतर श्रद्धेने करायचा असेल तर दही, दाणे, राजगिरा आणि फळं यांवर करावा.

*

जगण्याचा दर्जा मात्र हात आणि ताट यांवर संपत नाही. संसारातल्या काही गोष्टी आपल्याकडे कुणी विचारत नाही आणि बाई सांगत नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री साडी भिजते, कोरडेपणामुळे नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं. नवराही बोलत नाही. त्याला वाटतं तिला दुखेल, तिला वाटतं त्याला किळस आली. तीन महिन्यांच्या तपासणीत स्कॅनबद्दल बोलणं होतं, याबद्दल नाही. कोरडेपणावर हॉर्मोन नसलेली वंगणं आणि मलमं आहेत, वाफांवर औषधं आहेत, विचारलं तर मिळतात. एक बाजू सपाट झाल्यावर तोल जातो, खांदा झुकतो, पाठ दुखू लागते. ब्राच्या कप्प्यात बसणारा कृत्रिम स्तन केवळ दिसण्यासाठी नसतो. सिलिकॉनचा महाग पडतो, पण सुती धाग्याने विणलेले, आत मऊ कापूस भरलेले हलके स्तनही आता स्वयंसेवी बायका करून देतात. न वापरता सपाट छातीने वावरणाऱ्या बायकांनाही तितकाच मान हवा. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात झोप उडते, जुनं दुखणं नवं वाटू लागतं. हे इतक्या जणींचं होतं, की त्याला वेडेपणा म्हणू नये.

या सगळ्यात सर्वांत जास्त कामाला येते ती याच वाटेने गेलेली दुसरी बाई. न्यू यॉर्कच्या टेरीज लॅसर यांनी स्वतःच्या ऑपरेशननंतर १९५२ मध्ये ‘रीच टू रिकव्हरी’ हे काम सुरू केलं. ऑपरेशन झालेली बाई नव्या रुग्णाच्या खाटेशी जाऊन बसे, हात वर करून दाखवी आणि व्यायामासाठी चेंडू, दोरी देई. तिथल्या काही सर्जनांना ते रुचलं नव्हतं. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयाचे रुग्ण आणि नातेवाईक आठवड्यामागून आठवडे राहतात. अशा जागी एकीला जमलेला व्यायाम दुसरीला शिकवला जाणं किती सोपं आहे. तिथल्या ओसरीवर रोज सकाळी वीस मिनिटं एक फिजिओथेरपिस्ट उभी राहिली तरी तो वर्ग परभणी, चंद्रपूर, सिंधुदुर्गापर्यंत पोचेल.

सरकारी योजनेतून आज गरीब घरातल्या बाईचं ऑपरेशन, केमो, शेक होतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या ओळींखाली व्यायामाची ओळही हवी. कोणता, कितीदा, कधी वाढवायचा, कधी थांबवायचा. ती डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहावी, कारण मग घरचे लोक ती गोळीइतकीच मानतील. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन्ही हातांचा घेर मनगटापासून दंडापर्यंत ठरलेल्या अंतरांवर मोजून केसपेपरवर नोंदवावा, आणि प्रत्येक तपासणीला पुन्हा मोजावा. शिंप्याकडची टेप आणि पाच मिनिटं, एवढंच त्याला लागतं. पुढच्या तपासणीला जाताना नवऱ्याने किंवा मुलाने फाइल धरण्याबरोबर हे मोजमाप मागून घ्यावं, आणि परत येताना बाजाराची पिशवी तिच्या हातात द्यावी, सुरुवातीला एक किलो कांद्यांची.